उशिराचा आलेख

ही गेल्यावर तिची ट्रंक उघडायचं मी बरेच दिवस टाळलं. उघडली तेव्हा तळाशी तिच्या हिरव्या लुगड्याच्या पदराचं निशाण निघालं. ते मीच तिच्याकडून शिवून घेतलं होतं. पासष्टच्या सुमारास, माण तालुक्यातल्या एका शाळेत मी सातवीचा वर्गशिक्षक होतो तेव्हा.

माणसाला स्वतःची प्रगती डोळ्यांनी दिसली की तो आपोआप सुधारतो, असं मी कुठंसं वाचलं होतं. झालं. उशिरा येणाऱ्या मुलांचा आलेख काढून मी भिंतीवर लावला. ज्या वर्गात आठवडाभर सगळ्यांत कमी उशीर होईल, त्याच्या दारावर निशाण. आमची रेघ भराभर खाली आली. इतर शिक्षकांना बोलावून मी ती छडीनं दाखवायचो, भूगोलाच्या तासाला नद्या दाखवाव्यात तशी.

जेवताना हिलाही सांगितलं. वाढता वाढता ती म्हणाली, "आणि जी येतच नाहीत ती?"

"गैरहजेरी हा निराळा विषय आहे," मी म्हणालो.

पुढं एकदा सायकल पंक्चर झाली आणि मलाच उशीर झाला. फाटकाशी आमचा मॉनिटर एका मुलीला अडवून उभा होता. घरचं पाणी भरून ती शाळेला यायची.

"घरी जा गं. उशिरा आलीस की निशाण जातंय. आलीच न्हाईस तर काय बी लागत न्हाई."

"कालबी तसंच म्हणलास. आबा म्हणत्यात, शाळा न्हाई तर शेरडं राख. परीक्षा आली रं."

मला बघून तो ओशाळला नाही, उलट खुलला. "गुरुजी, रेघ पार तळाला नेलीया बघा."

माझा सिद्धान्त इतका नेमका दुसऱ्या कुणालाच कळला नव्हता. मी मुलीला म्हणालो, "चल आत."

"मग तुमचंबी लिहू का गुरुजी? दोघं झाली."

"लिही."

निशाण सहावीच्या दारावर गेलं. आठवडाभर मॉनिटर माझ्याशी कामापुरतं बोलला. मी आलेख उतरवला. मुलगी रोज उशिरा येत राहिली, परीक्षा पास झाली आणि आठवीला दहिवडीला गेली. तिथंही पहिल्या दिवशी उशिराच पोचली म्हणे.

निशाण मी हिला परत दिलं. "राहू दे," ती म्हणाली, "माझा स्वयंपाक वेळेवर झाला की आपल्या दारावर लावा."

स्वयंपाक रोजच वेळेवर व्हायचा. लावायचं मात्र राहून गेलं.