चार नमुन्यांपुढचा शेरा

हे घरी माहीत नाही. जिथं घडलं त्या प्रयोगशाळेतही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — नको, कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल.

मी दगडांचं काम करतो. त्याआधी चार वर्षं एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. बातमीत न बसणारा परिच्छेद उडवायचा, मजकूर सरळ करायचा, ही सवय तिथली. पण सवयीवर ढकलून भागेल का? परिच्छेद उडवला तर निदान लिहिणारा भांडायला तरी येतो.

अंधेरीच्या प्रयोगशाळेत एकाच सरांकडे आम्ही दोघं पीएचडी करत होतो. मी आणि वैशाली. ती घाटकोपरची, गिरणी बंद पडल्यावर वडील वॉचमन झालेले, मूळचे मालवणकडचे. कर्नाटकातल्या अतिप्राचीन बेसाल्टचे नमुने आम्ही मिळून आणले. हातोडीनं ढलपा काढला की ती भिंगातून आत बघायची आणि ओरडायची, "ताजो रे! बांगड्यासारखो!" वहीतही तसंच लिहायची. फ्रेश नाही — ताजो.

समुद्राचा तळ शेजारच्या भूपट्टाखाली बुडतो, तेव्हा वर ज्वालामुखींची रांग उभी राहते. तिथल्या लाव्हात नायोबियम हे मूलद्रव्य कमी भरतं. कधी त्या रांगेच्या मागं जमीन ताणली जाते आणि नवा, छोटा समुद्र उघडतो. त्याच्या बेसाल्टमध्येही ही घट दिसते, पण पुसट. समुद्र केव्हाच गेलेला, दगड तेवढा उरलेला. आकड्यांवरून तो समुद्र ओळखायचा, हे आमचं काम.

कर्नाटकातल्या त्या जागी असा मागचा समुद्र होता, असं माझा प्रबंध म्हणत होता. एकोणीस नमुने हो म्हणत होते. चार म्हणत नव्हते — त्यांत नायोबियम भरपूर. चारही वैशालीनं फोडलेले.

मी काय केलं? तक्त्यात त्या चारांपुढे शेरा लिहिला : 'कुजलेला खडक, वगळला.'

दगड किती कुजलाय हे त्याची भुकटी भट्टीत तापवून, वजन किती घटलं त्यावरून कळतं. ते आकडे माझ्याजवळ होते. मी ठेवलेल्या कितीतरी नमुन्यांपेक्षा हे चार चांगले होते. तो रकानाच मी तक्त्यातून काढला. शिवाय दगड कुजला तरी नायोबियम सहसा हलत नाही, म्हणून तर त्याच्यावर भिस्त — हे मला माहीत नव्हतं का? मी ते दरवर्षी वर्गात शिकवतो.

सरांनी तक्ता पाहिला आणि बैठकीत सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "वैशाली, बाजारात कुजका मासा ओळखतेस ना? मग दगड कसा नाही कळला?" सगळे हसले. मीही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू नीट बघितलंस ना रे?"

"दोनदा," मी म्हणालो.

पुढच्या वेळी सरांनी तिला नमुने आणायला नेलं नाही. तिचा प्रबंधही त्याच खडकांवर उभा होता. तो रखडला, मग सुटला. ती साकीनाक्याला एका क्लासमध्ये भूगोल शिकवू लागली. मला पदवी मिळाली, बोरिवलीच्या कॉलेजात नोकरी लागली. माझ्या शोधनिबंधाचा संदर्भ लोक अजून देतात, त्या समुद्राचे नकाशे काढतात. तो होता की नव्हता, मला माहीत नाही. आता विचार करायचाही कंटाळा येतो.

गेल्या वर्षी मुलुंडला एका लग्नात ती भेटली. शेजारी जेवायला बसलो. मुलीला भूविज्ञानाला जायचंय, म्हणाली, आणि ही तिला अडवतेय.

"माझाच डोळा कच्चा होता यार. तिचाही तसाच निघायचा. कशाला उगाच वाट लावून घ्यायची, ना?"

तिनं मला जाब विचारला नव्हता. नुसतं सांगत होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं — किती सोपं होतं ते? तोंडात घास होता, तो गिळला.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो.

मुलीनं कॉमर्सला प्रवेश घेतला, असं नंतर कळलं.