जाळ्याला न सापडलेले शिंपले

मोठेबाबा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तुमसरच्या छापखान्यात नव्या पत्रकाची शाई वाळायची वाट बघत होते. पाच आठवडे झाले. त्या पत्रकात काय होतं ते आता आठवत नाही. तीन वर्षांपूर्वीचं एक मात्र अक्षरन्‌अक्षर आठवतं… ‘आपला तलाव मेला आहे!’

ते माझंच. मोठेबाबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्त झाल्यावर सिहोऱ्याकडे धान पिकवत आणि उन्हाळ्यात गावच्या तलावाच्या तळाशी काय जगतं ते मोजत. लोखंडी चौकटीचं जाळं, खाली साखळी. ते तळाला घासत ओढायचं. त्या दिवशी मीही सोबत होते; वर आला काळा गाळ आणि तीन शिंपले. तलावात कचरा टाकणाऱ्यांवर मी आधीच भडकले होते. वहीत लिहिलं, ‘तीन’.

“घाई काहून करून राहिली वो पोरी? जाळ्याले तीन भेटले, असं लिही. तलावात तीनच आहेत हे तुले कोणं सांगितलं?”

जाळं जिथून ओढलं, त्याच पट्ट्यावरून ते मग अनवाणी, पाय रोवत चालत. साखळी गाळावरून घसरते, रुतून बसलेला जीव खालीच राहतो, म्हणत. पाय फिरल्याशिवाय त्यांची मोजणी पुरी होत नसे. ते पाण्यात उतरले आणि मी पत्रक छापायला तुमसरची बस पकडली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. “एकवीस निघाले. पत्रक थांबव.”

“वाटून झालं, मोठेबाबा.”

“मंग खुलासा छाप.”

“लोक हसतील आपल्याले.”

इतरांकडून रोज जाब मागणारी मी, चार ओळींचा खुलासा छापू शकले नाही. मेलेल्या तलावाची कोणाला पर्वा? गाळ उपसायच्या अर्जाला माझं पत्रक जोडलं गेलं, मशीन आली, तळ खोलवर खरवडला गेला. पाळीवर, तलावाच्या बांधावर, टाकलेल्या गाळात शिंपलेच शिंपले, उन्हात एकेक तोंड उघडत होते. मोठेबाबा बादली घेऊन जिवंत वेचत बसले होते. मला बघून म्हणाले, “तुझं पत्रक भलतंच वजनदार निघालं वो. उचलाले मशीन आणा लागली.”

सडत्या शिंपल्यांचा तो वास अजून माझ्या कपड्यांना येतो.

आता शेजारच्या गावातली बोडी, तिथलं लहानसं तळं, उपसायला अर्ज गेलाय, सोबत तेच पत्रक. म्हणून हा खुलासा, उशिराचा: तलाव मेला नव्हता. मी जाळ्यावर विश्वास ठेवला आणि माणसाचं ऐकलं नाही.

परवा त्यांच्या पडवीतल्या खुंटीवरून जाळं काढलं. साखळीत वाळका गाळ होता, तो मी झटकला नाही. बोडीत एक पट्टा ओढला. दोन शिंपले. वही उघडली… आणि मागून कोणीतरी पाणी कापत चालल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, कोणी नव्हतं. वही मिटली, चपला काढल्या आणि त्याच पट्ट्यावर पाय रोवला. बोटांखाली काहीतरी कडक लागलं.