कूलर असलेली समुद्रकाठची खोली

ती घटना आठवली की आजही मला आधी माझाच राग येतो. तेव्हा मी जळगाव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. फैजपूरजवळच्या एका गावातल्या सहा बायका तक्रार घेऊन आल्या. मोबाइलवर जाहिरात पाहून त्यांनी समुद्रकाठच्या एका गजबजलेल्या शहरात लॉजची स्वस्त खोली ठरवली आणि आगाऊ पैसे भरले. सामानासह पत्त्यावर पोहोचल्या, तर लॉजमालक म्हणाला, अशी खोली आमच्याकडे नाहीच. जाहिरातीतला फोन बंद. बिचाऱ्या त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसल्या.

खोली ठरवली होती त्यांच्यातल्या अक्कांनी. अक्का विधवा, गावच्या भजनी मंडळात सगळ्यांच्या पुढे असायच्या. त्यांच्या शब्दावर बाकीच्या घराबाहेर पडल्या होत्या.

दोन दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. बाईचा आवाज होता. "अक्कालेच इचारा. तिले कमिशन भेटलं."

मी ते खरं धरलं. महिला पोलीस सोबत घेऊन तीनदा अक्कांच्या घरी जबाब घ्यायला गेलो. त्या एकच सांगत, "खोली मी सोता पाह्यली सायेब, व्हिडिओ कॉलवर. पलंग व्हता, खिडकीत कूलर व्हता."

"लॉजवाला म्हणतो अशी खोलीच नाही. मग तुम्ही पाहिलं काय?"

"ते मलेबी समजत नही. पन पाह्यली. बाया आता मले भजनाले बोलावत नही सायेब. मी चोर नही."

माझं डोकं चक्रावलं. जाहिरातीतला फोन परराज्यातल्या एका म्हाताऱ्याच्या नावावर, बँकेचं खातं भलत्याच कुणाचं. लॉजवाला खरा वाटत होता, अक्काही खोटं बोलणाऱ्या वाटत नव्हत्या, आणि खोलीचा तर पत्ताच नाही. केस डायरीत काय लिहावं तेच सुचेना.

शेवटी जाहिरातीसोबत अक्कांच्या मोबाइलवर आलेला खोलीचा फोटो मी त्या शहरातल्या एका फौजदाराला पाठवला. तो हसतच सुटला. "साहेब, आमच्या दमट हवेत कूलर कोण लावतो? अंग नुसतं चिकचिकेल. ही खोली तुमच्याकडचीच."

मी कपाळावर हात मारला. आम्ही खानदेशी माणसं. कूलर नसलेली खोली आम्हाला खोलीच वाटत नाही. सहा बायका, मी, अख्खं ठाणं, कुणालाच काही खटकलं नव्हतं.

फोटो मोठा करून पाहिला. पत्र्याच्या कूलरवर बनवणाऱ्याचं रंगवलेलं नाव अर्धवट दिसत होतं. तो धुळ्याचा निघाला. अरुंद खिडकीचं ते माप त्याने लगेच ओळखलं आणि कॉलेजजवळच्या एका भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला. तिथे राहणारा तरुण पंचांसमोर तासभर उडवाउडवी करत राहिला. मी त्याला खिडकीजवळ उभं केलं आणि फोटो हातात दिला. त्याने आधी फोटोतला कूलर पाहिला, मग खिडकीतला. "मन्ही चूक व्हयनी, साहेब." स्वतःचीच खोली त्याने लॉजची म्हणून व्हिडिओ कॉलवर दाखवली होती.

त्याला अटक करून मी अक्कांच्या गावी गेलो. मंदिराच्या ओट्यावर बायकांना जमवून सांगितलं, अक्कांचा काहीही दोष नाही. मग एक जण म्हणाली, "दोष नव्हता, त मंग पोलीस तीनदा तिच्याच घरी कायले आले?"

अक्का माझ्याकडे पाहत होत्या.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. बायका एकेक करून ओट्यावरून उठून गेल्या.

त्यानंतर कुणाच्याही दारात जीप उभी करण्याआधी मी दहादा विचार केला. अक्कांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही.