सासूला कामाला लावणारी मुन्नी

मुन्नी लग्न होऊन औंढ्यात आली, तेव्हा देवळाच्या गल्लीत बांगड्यांची दुकानं बरीच होती. पण दर्शन करून उतरणाऱ्या बाया थांबायच्या त्या खतीजाबीच्या ओट्यापाशी. खतीजाबी म्हणजे मुन्नीची सासू. भर जवानीत डोक्यावर टोपली घेऊन सिद्धेश्वरच्या धरणापर्यंतची गावं तिनं पायी तुडवलेली. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं ती बघायची नाही. हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या बुडाशी दाबायचा, की माप कळलं. मग गप्पा सुरू. म्हैस व्याली का, लेक नांदती का, धन्याचा खोकला गेला का. बोलता बोलता बांगडी मनगटावर कधी उतरली, ते बाईला कळायचंसुद्धा नाही.

मुन्नी कुरुंद्याची. हळदीच्या गावात वाढलेली, काचेला भ्यायची. पहिल्याच महिन्यात एका बाईच्या हातात तिच्याकडून बांगडी तडकली, तशी मुन्नी ओरडली, "फुटली!"

खतीजाबीनं मांडीला चिमटा काढला. "फुटली म्हनत न्हाईत गं, वाढली म्हन. आन् आधी हात नरम करून घे की. कुलुपात किल्ली घालून राहिली का तू?"

ओट्यावरच्या बाया खदाखदा हसल्या. मुन्नी लाजली, पण त्या हसण्यात ती औंढ्याची झाली. पुढची कितीतरी वर्षं दोघी मांडीला मांडी लावून बसल्या.

हिंगोलीचा नवा जिल्हा झाला, त्या सालापासून खतीजाबीचं बिनसायला लागलं. आधी चहात मीठ पडलं. मग नमाजाआधी हातपाय धुऊन वजू केली, तरी पुन्हा धुवायला तिथंच जाऊन बसायची. आणि एके दिवशी आपल्याच गल्लीत उभी राहून ती लोकांना आपलं घर विचारायला लागली. साजीदनं, म्हणजे मुन्नीच्या नवऱ्यानं, तिला नांदेडला नेलं. तिथली डॉक्टरीण नीट समजावून बोलली. हा विसरण्याचा आजार, पुरता बरा व्हायचा नाही. पण आहे तेवढं टिकवता येईल. "जे जमतं ते त्यांनाच करू द्या. अडल्या, तर तेवढ्यापुरता हात लावा."

मुन्नीनं मान हलवली, आणि घरी येऊन बराबर उलटं केलं. सून घरात असताना सासूनं तांब्या उचलला, तर गल्ली काय म्हणेल? सासूला ती अम्मी म्हणायची. तिनं अम्मीला न्हाऊ घातलं, वेणी घातली, घास भरवला. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. मुन्नीला ते गोड लागायचं.

रमजान सरला तेव्हा अम्मीचा हात तोंडाकडं जाईनासा झाला होता. ताट पुढं असलं तरी चिमणीच्या पिलासारखी तोंड उघडून वाट बघायची. ते बघून मुन्नी चुलीपाशी बसून रडली. "मीच बसवली अम्मीला," साजीदला म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं रीत बदलली. अम्मीच्या हातावर आपला हात ठेवायचा, घास अर्ध्यावर न्यायचा आणि सोडून द्यायचा. पुढचं अम्मीचं. कधी घास पदरात पडे, कधी पोटात जाई. मेथीची जुडी पुढ्यात टाकायची, पहिली काडी आपण मोडायची. शेजारच्या देवलामावशीला ते बघवेना.

"काय गं, बिमार म्हातारीला कामाला लावती?"

"व्हय मावशी. तुमची बी मेथी आणा, निवडून देती अम्मी."

मावशी आठ दिवस बोलली नाही. गल्लीत मुन्नीचं नाव खराब झालं. पण अम्मी आपल्या हातानं जेवायला लागली, आणि एका सकाळी मुन्नीनं तिला पुन्हा ओट्यावर बसवलं. साबणाच्या पाण्याची वाटी पुढं ठेवली, एका पोरीचा हात हाती दिला, पहिली बांगडी आपण अर्धी चढवली. पुढची अम्मीनं चढवली. त्याच्या पुढचीही. नावं गेली होती, गावं गेली होती. बोटं मात्र जागेवर होती. बाया पुन्हा थांबायला लागल्या.

मग मिराबाई आली. धरणाकडची, फार जुनं गिऱ्हाईक. लेक शिलाचं लग्न निघालेलं. संगं दीर हरिचंद. मुन्नी आत नवरीचा चुडा काढायला वळली, आणि तेवढ्यात अम्मीनं मिराबाईचा हात धरला.

मुन्नी परतली तेव्हा मिराबाईच्या मनगटावर हिरव्यागार बांगड्या होत्या. आणि मिराबाईचा धनी सोनाजी वारून चार वर्षं झालेली!

"सोनाजीचा दमा कसा हाय?" अम्मी विचारत होती.

हरिचंद उसळला. "लग्नाचं घर हाय आमचं! काय करून राहिली ही म्हातारी?"

"गप ऱ्हा, भावजी," मिराबाई म्हणाली. मग अम्मीकडं वळली. "बरा हाय, भाभी. दमा कमी हाय जरा. तुमची आठवण काढतेत."

अम्मी खूश झाली. मिराबाई खाली पायरीवर जाऊन बसली, साबणाचं पाणी मागितलं आणि एकेक बांगडी आपणच उतरवली. एकही वाढू दिली नाही. मुन्नी हात जोडायला लागली, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे पोरी. त्येंचं नाव घेऊन मला कोनी काई इचारतच न्हाई आता. समदे जपून बोलतेत."

दुकान बंद करताना साजीद म्हणाला, "उद्यापासून अम्मी आतल्या खोलीत. बाहेरून कडी."

"कडी लावली तर पुन्ना तोंड उघडून बसंल ती."

"आन् न्हाई लावली तर? मिराबाई भली निघाली. दुसरी बाई बोंब मारंल, तवा काय करशील?"

त्याचंही खोटं नव्हतं.

सकाळी मुन्नीनं आपली गोणपाटाची बसकर उचलली आणि ओट्याच्या बाहेरच्या कडेला, अम्मीच्या तोंडासमोर टाकली. गिऱ्हाईक आलं की हात आधी मुन्नीच्या हातात. "कोनासाठी, बाई?" ती हळूच विचारायची. धनी नसलेल्या बाईला हिरवा टाळून रंग ती काढायची, त्या रंगाच्या बांगड्या अम्मीच्या तळहातावर ठेवायची आणि बाईचा हात अम्मीच्या हाती द्यायची.

अम्मी कावली. "तू मधी काहून बसली?"

"शिकून राहिले, अम्मी."

"आजून? कवा शिकशील गं?"

ओट्यावरच्या बाया हसल्या. साजीद कुलूप हातात घेऊन दारात उभा होता. कुलूप त्यानं कोनाड्यात ठेवलं. मग त्यानं अम्मीच्या उजव्या हाताशी असलेला हिरव्या बांगड्यांचा खोका उचलला, आणून मुन्नीच्या बाजूला ठेवला, आणि वाटीतलं पाणी बदलायला आत गेला.