नागुबाईचे झिंगे

ग्यानोबांनी घरात झिंगे पाळलेत हे गल्लीत कळलं, तेव्हा लोकांनी पहिल्यांदा विचारलं ते हे, की तळता का कालवण करता. लातूरच्या माणसाला झिंगा माहीत आहे तो बाजारातला, वाळलेला, वास मारणारा. तो जिवंत असतो, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल असतो आणि काचेच्या पेटीत शेवाळ चिमटत हिंडतो, हे सांगून कुणाला पटेना. मीही आधी नाकच मुरडलं होतं.

ग्यानोबा आमच्या शेजारचे. मूळ भोकरकडचे, नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. इंजिनावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे त्यांचं गुपित चार घरं ऐकतात. बायको नागुबाई, माहेर नांदेडच्या अलीकडे गोदावरीकाठचं. मूलबाळ नाही. वरची खोली क्लासेसच्या मुलींना भाड्यानं देत आणि त्या मुलींना नागुबाई इतकं खाऊ घाली की भाडं कशाचं घेतात, असा प्रश्न पडावा.

मागच्या पावसाळ्यात नागुबाईला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वाचा परत येऊ शकते, बोलायचा सराव करून घ्या. ग्यानोबा रोज खाटेजवळ बसून 'आ' म्हणत, 'मा' म्हणत. ती तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघे. मोठी मानी बाई. लहान पोरासारखं 'आ' कर म्हटलेलं तिला सोसत नव्हतं, हे मला दिसत होतं. ग्यानोबांना मात्र वाटे, ती जगायलाच कंटाळली.

त्याच सुमारास वरच्या खोलीतल्या साक्षीला मेडिकलला प्रवेश मिळाला. पोरगी हदगावची. अभ्यासाचा ताण घालवायला तिनं झिंग्यांची पेटी ठेवली होती. कॉलेजच्या होस्टेलवर ती चालणार नव्हती. जाताना तिनं पेटी खाली आणून नागुबाईच्या खाटेशेजारी स्टुलावर ठेवली आणि ग्यानोबांना बजावलं, "काका, नळाचं पाणी बादलीत उघडं ठेवून मगच घालायचं. बोअरचं नको. साबणाचा हात लावायचा नाही. आणि मच्छराचा फवारा या खोलीत अजिबात मारायचा नाही, सगळे मरतील." पालक उकडून नखाएवढा तुकडा टाकायचा, तेही दाखवलं. नागुबाई खाटेवरून सगळं ऐकत होती.

थोड्याच दिवसांत एका सकाळी ग्यानोबा माझ्या दारात उभे. तळहातावर पांढरं काहीतरी. "बाई, मेला एक," म्हणाले, आणि एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरले. मी चष्मा लावून पाहिलं. आत काहीच नव्हतं, नुसतं टरफल. साक्षीला फोन लावला. ती हसत सुटली. "काका, कात टाकली त्यानं. वाढायला लागला की जुनं टाकून देतात."

ग्यानोबा तसेच घरात पळाले. मी मागून. "अगं, मेला न्हाई, शर्ट बदलला त्यानं!" नागुबाईचा अर्धा चेहरा हसला. आणि मग, कितीतरी आठवड्यांनी, तिच्या तोंडून शब्द आला.

"येडा."

मी म्हटलं, झिंग्याला म्हणाली. ग्यानोबा म्हणाले, "न्हाई बाई, मलाच म्हणली. लगीन झाल्यापासून मलाच म्हणती."

त्यानंतर ती पेटी म्हणजे त्या घराचं दैवत झालं. नागुबाई दिवसभर काचेकडे तोंड करून पडायची. 'लाल' आला, 'पालक' आला, 'थांब' आला. पोटाखाली अंडी घेऊन हिंडणारी एक मादी होती, तिला ती 'माय' म्हणे. पिल्लं सुटली तेव्हा ग्यानोबांना ती दिसेनात, पापणीच्या केसाएवढी ती. नागुबाई डाव्या हाताचं बोट काचेवर टेकवून दाखवी आणि दिसली नाहीत की "आंधळा" म्हणे. ग्यानोबा बाहेर येऊन गल्लीला सांगत, आज आंधळा म्हणली. डॉक्टर खूश होते. जे चाललंय ते चालू द्या, म्हणाले.

चैत्रात ती एक दिवस म्हणाली, "गंगा."

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. तिला नदी बघायची होती. नांदेडपर्यंत बसमध्ये बसवून नेणं शक्य नव्हतं. ग्यानोबा म्हणाले, मग गंगाच घरी आणतो. माळ्यावरची तांब्याची कळशी काढली, चिंच आणि मीठ लावून अंगणात घासत बसले. मी म्हटलं, "अहो, प्लास्टिकचा कॅन घेऊन जा. बसमध्ये हिंदकळून अर्धी सांडेल."

"बाई, गंगा काय राकेल हाय का, कॅनात आणायला?"

कळशी नव्या नवरीसारखी चकाकली. गेले, घाटावर भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि अहमदपूर मार्गे मांडीवर धरून आले. अशी आणलेली गंगा लगेच उघडायची नसते. ती देवापुढं ठेवतात, चांगला दिवस बघून पूजा करतात, मग घरातल्या प्रत्येक जिवाला तिचं पाणी देतात. उंबऱ्याला, तुळशीला, गोठा असेल तर जनावरांनासुद्धा. ग्यानोबांनी पौर्णिमेची वाट पाहिली. तोवर पाणी कळशीतच होतं.

पौर्णिमेला मी तिथंच होते. ग्यानोबांनी नागुबाईच्या ओठांना चमच्यानं पाणी लावलं. तिनं डोळे मिटून घेतलं. मला दिलं, मी घेतलं. मग नागुबाईनं पेटीकडं बोट केलं.

"त्यान्ला बी."

ग्यानोबांनी गडूभर घातलं. उन्हाळ्यानं पेटीतलं पाणी उतरलं होतंच.

"अजून," नागुबाई म्हणाली.

त्यांनी आणखी घातलं, पेटी काठोकाठ भरेपर्यंत. दोघंही असे खूश, की जणू लेकरं जेवायला बसवलीत.

संध्याकाळी ग्यानोबांनी मला पुन्हा हाक मारली. झिंगे शेवाळ सोडून वर आले होते. या काचेपासून त्या काचेपर्यंत वेड्यासारखे सुसाट फिरत होते. "बगा बाई, गंगा मिळाली म्हणून नाचून राहिले," ग्यानोबा म्हणाले. नागुबाई डावा हात खाटेवर आपटून ताल धरत होती. असं हसताना मी तिला आजारपणाआधीही पाहिलं नव्हतं.

सकाळी सगळे तळाशी होते. लाल रंग उतरून फिके गुलाबी पडलेले. माय आडवी, पोटाखालची अंडी तशीच. नागुबाई आधी जागी झाली होती. मी गेले तेव्हा ती हसूनच मला दाखवत होती, "शर्ट. शर्ट."

ग्यानोबांनी एक उचलून तळहातावर घेतला. तो पोकळ नव्हता. त्यांनी मूठ मिटली आणि अंगणात गेले. मीही गेले. साक्षीला फोन लावला. तिनं एकेक विचारलं. फवारा? नाही. साबण? नाही. बोअरचं पाणी? नाही. मग म्हणाली, "काका, ते पाणी कशात होतं?"

"कळशीत. तांब्याच्या. देवापुढं."

"काका, तांबं त्यांना विष असतं. चिंचेनं घासलेल्या कळशीत इतके दिवस... मी सांगायलाच पाहिजे होतं. माझ्या डोक्यातच नाही आलं की कुणी तांब्यातलं घालील." पोरगी रडायला लागली. ग्यानोबाच तिची समजूत काढू लागले, "तुपली काय चूक, माय. अभ्यास कर."

आत गेलो तेव्हा नागुबाईला कळलं होतं; ग्यानोबांचा अंगणातला आवाज आत पोचला होता. ती कळशीकडे बघत होती. बोललीही, नीट, सावकाश.

"गंगा? मी... अजून..."

पुढं तिला जमेना. पण तिला काय विचारायचं होतं, ते कुणालाही कळलं असतं.

"न्हाई न्हाई," ग्यानोबा म्हणाले. "गंगेनं कामून होईल? राती मच्छर लई झाले, मी फवारा मारला. इसरलोच मी. माझी चूक हाय."

असा फवारा त्या घरात नव्हताच. मी काही बोलणार, तोच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नागुबाईनं त्यांच्याकडे बोट केलं. "तुमी," म्हणाली. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती बोललेली नाही.

मी त्यांच्यावर चिडले. चांगलीच. अंगणात नेऊन म्हटलं, "हे काय चालवलंय? तिला खरं सांगा. ती तुम्हाला मारेकरी समजतेय."

"समजू द्या."

"ती बोलत नाहीये, ग्यानोबा. कळतंय का? सगळं मुसळ केरात गेलं."

"बाई, खरं सांगितलं तर काय हुईल? 'अजून' म्हणली ती सोता. आयुष्यभर मनाला लावून घेईल. आन् तिच्या माहेरची गंगा हाय ती. लेकरू न्हाई म्हणून किती नवस केले तिनं तिला. तिलाच इख म्हणू मी?" मग आवाज उतरला. त्यांचा आवाज उतरलेला मी प्रथमच ऐकला. "माझ्यावर रुसली तर रुसू द्या. माझ्यावर रुसायची तिला सवय हाय."

तरी चार दिवसांनी दुकानातून नवे झिंगे आणले. पेटी धुऊन, पाणी उघडं ठेवून, सगळं साक्षीला विचारून. नागुबाईनं एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. ते जगलेत, वाढलेत, त्यांना पिल्लंही झालीत. त्यांच्याकडे बघायला खाटेवरून कुणी वळत नाही.

मला या बाबतीत काही सुचत नाही, आणि मला न सुचणं आवडत नाही. एकदा ग्यानोबा नळावर गेलेले बघून मी खरं सांगायला तिच्याजवळ बसलेही. तिच्या उशाशी गंगेची ती कळशी होती. तिनं हट्टानं तिथं ठेवून घेतली होती, आणि डावा हात कळशीच्या गळ्यात होता. मी उठून आले.

आता ती ग्यानोबांच्या हातून खात नाही. घास आला की तोंड मिटते, पूर्वी 'आ' म्हटल्यावर मिटायची तसंच. म्हणून दोन्ही वेळा मी जाते. भाकरी तेच करतात, दुधात तेच कुस्करतात, निवली का ते बोट घालून तेच बघतात. मग वाटी माझ्या हातात देऊन बाहेर पायरीवर जाऊन बसतात, तिला दिसणार नाही अशा बाजूला. मी बाहेर आले की विचारतात, "खाल्लं का?"

मी 'हाव' म्हणते. कधी खाल्लेलं नसतं, तरी म्हणते.