चादरीखालची गाडी

पार्से गावात तारा परबच्या घरी कुठलीच वस्तू कधी मोडली नाही, कारण कुठलीच वस्तू कधी वापरली गेली नाही. लग्नातला हंडा अजून लग्नातल्यासारखाच पिवळाजर्द. नणंदेनं दिलेले फुलाफुलांचे कप काचेच्या कपाटात, आणि पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यातून. चांगली छत्री पावसात भिजून खराब होईल म्हणून तारा पावसात फाटकी छत्री घेऊन जाई. बायका म्हणायच्या, "वस्तू सांभाळूची तर तारान." तारा मान खाली घालून हसायची. त्या एका वाक्यावर तिचे दोन दिवस बरे जायचे.

वर्षामागे तिच्या लेकानं, प्रशांतनं, जहाजावर परत जायच्या आधी म्हापशाहून एक जुनी पण धडधाकट स्कूटर आणली. राखी रंगाची. दोन्ही टायर नवे घातले आणि कागद केले आईच्या नावावर. आता बघा, घर दिवंगत सासऱ्यांच्या नावावर, काजूची बाग दिरांबरोबर सामाईक, गॅस नवऱ्याच्या नावावर. विजेचं बिलसुद्धा सासऱ्यांनाच येई, आणि ते जाऊन किती पावसाळे झाले! त्या घरात तारा परबच्या मालकीचं म्हणून पहिल्यांदा काही आलं, ती ही गाडी. प्रशांतनं तिला बागेतल्या मोकळ्या जागेत चालवायला शिकवलं. ती बरी शिकली. एक कोंबडी सोडली तर कुणाला धक्का लागला नाही.

प्रशांत गेला आणि गाडीवर चादर पडली.

आधी रस्ता पाण्याच्या पायपासाठी खणलेला होता, लाल माती उडत होती. मग चतुर्थी आली. मग पितृपक्ष, आणि पितृपक्षात कोण नवी गाडी बाहेर काढतो? मग काजू आले, आणि काजूच्या चिकानं भरलेल्या हातांनी राखी रंगाला कसं शिवायचं? पण तारानं गाडी टाकून दिली असं कुणी म्हणू नये. दर शुक्रवारी ती चादर काढायची, गाडी पुसायची आणि कुंकू लावायची. शेजारची जानकी म्हणाली, "रंगार कुंकू लावू नको गो, डाग पडता." ते ताराला पटलं. म्हणून ती सीट उचलायची आणि खाली पेट्रोलच्या टाकीचं काळं झाकण होतं, त्यावर लावायची. काळ्यावर डाग दिसत नाही, आणि गाडी जिथून खाते-पिते तेच तर तिचं तोंड. तेलात कालवलेलं दाट कुंकू, वर चार अक्षता. मग पुन्हा चादर.

प्रशांत रविवारी फोन करायचा. "आये, गाडी चालवतंस मगे?"

"चालवतंय तर! परवाच म्हापशाक जावन इलंय."

पहिल्यांदा हे तिच्या तोंडून कसं निघून गेलं ते तिलाही कळलं नाही, पण एकदा निघाल्यावर ते वाढत गेलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या कशा महाग झाल्या, सुके बांगडे कसे किडके निघाले, सगळं ती जानकीकडून ऐकून प्रशांतला सांगू लागली. कारण निघताना तो बोलून गेला होता, "चालवणार नसलंस तर संदीपाक दिवन टाकूया. तेका कामाक जावक लागता." संदीप म्हणजे दिराचा मुलगा. मुलगा वाईट नव्हता. फक्त कधीमधी येऊन "काकी, गाडी कशी आसा?" असं विचारायचा, एखाद्या श्रीमंत म्हाताऱ्याची तब्येत विचारावी तसं.

आणि एका रविवारी प्रशांत म्हणाला, "आये, येत्या शुक्रवारी मोपाच्या विमानतळार उतरतंय. मित्र माका धारगळच्या तिठ्यार सोडतलो. थयसून माका तूच घराकडे न्हे. आता तू पक्की ड्रायवर."

तारानं फोन ठेवला आणि चादर ओढून काढली. गाडी चकचकीत होती. बटण दाबलं, गाडी गप्प. किक मारून मारून ताराची टाच सुजली.

धारगळहून बाबली मेकॅनिक आला. त्यानं टाकीतलं पेट्रोल डब्यात ओतलं, वास घेतला आणि डबा लांब धरला.

"काकी, ह्या पेट्रोल शिळा जाला."

"शिळा जावक ता काय भात आसा?"

"भात बरो. तो निदान कोंबड्यांका घालूक येता."

त्यानं बॅटरी चार्ज केली, प्लग घासला, कार्बोरेटर खोलून धुतला, ताजं पेट्रोल घातलं, आणि गाडी सुरू झाली. ताराला वाटलं, सुटले. शाळेच्या वळणापर्यंत गेली, आणि गाडी बंद. थोडं थांबल्यावर सुरू झाली. पुन्हा तितकंच चालली, पुन्हा बंद.

तिचा नवरा अनंत खाणीवर ट्रक चालवून निवृत्त झालेला. स्कूटरीला तो गाडी मानत नसे, पण मत द्यायला काय जातं! पहिल्या दिवशी खुर्चीतूनच म्हणाला, "बॅटरी." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "प्लग." तिसऱ्या दिवशी त्यानं पेपर खाली केला आणि म्हणाला, "चालवणारी."

"तुमी ट्रक चालवलात तेवा डिचोलीत तो गटारात कोणी घातलो हुतो?" तारानं विचारलं. पेपर परत वर गेला.

बाबली पुन्हा आला. त्यानं कार्बोरेटर पुन्हा धुतला, कारण त्याला तेच धुता येत होतं, आणि सांगितलं, "टाकी फुल कर, काकी." टाकी फुल केली तर गाडी शाळेपर्यंतही जाईना. जानकी म्हणाली, "दिश्ट लागल्या. इतकी चकचकीत गाडी, कोणाचीव लागतली." मग गुरुवारी हँडलला लिंबू-मिरची बांधली, आणि ताराच्या मनात आलं, कदाचित आपलं कुंकूच कमी पडलं असेल. तिनं झाकणावर वाटीभर थापलं. त्या संध्याकाळी गाडी घराजवळच्या मोरीपर्यंतच जाऊन थांबली.

शुक्रवारी ती पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आधीच निघाली. हेल्मेट प्लास्टिकच्या पिशवीतून काढलं, पिशवी घडी करून ठेवली. गाडी थोडं चालायची, थांबायची, तीही थांबायची. गुडघे दुखणाऱ्या सासूला देवळाच्या पायऱ्या चढवाव्यात तसं चाललं होतं. धारगळच्या अलीकडे चढ आला आणि गाडी बसली ती बसलीच. किकला जुमानेना. प्रशांतचा फोन वाजला. तारानं घेतला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तिला वाटलं, गाडी आत्ताच संदीपच्या दारात उभी आहे.

पेट्रोल संपलं की काय ते बघू म्हणून तिनं सीट उचलली. झाकण हलेना. पदर धरून जोर केला तेव्हा ते फिरलं, आणि आवाज आला. सुस्कारा सोडल्यासारखा नव्हे. बुडणाऱ्या माणसानं डोकं वर काढून श्वास आत ओढावा तसा. तारा दचकली. झाकण तसंच सैल ठेवून तिनं किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

तिनं झाकण उलटंसुलटं करून बघितलं. पेट्रोल खाली जातं तशी टाकीत वरून हवा यायला हवी, आणि त्या हवेसाठी झाकणाला एक भोक होतं. बांगडीतली पिन काढून तिनं ते कोरलं. वर्षभराचं कुंकू सिमेंटसारखं निघालं, अक्षतांसकट. दर शुक्रवारी तिनं आपल्या हातानं गाडीचं नाक बुजवलं होतं, आणि वर हात जोडले होते.

तिनं आधी इकडेतिकडे बघितलं. रस्त्यावर फक्त एक म्हैस होती. म्हशीनं कुणाला सांगितलं नसतं.

धारगळच्या तिठ्यावर प्रशांत बॅगेवर बसला होता. आईला बघून उठला, पाया पडला आणि मग गाडीभोवती एक फेरी मारून आला. जहाजाच्या इंजिनात काम करणारा माणूस, त्याची नजर जायची तिथेच गेली.

"आये, दर शुक्रवारी म्हापशाक जातंस मगे?"

"जातंय."

तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. नव्या टायरावर रबराचे बारीक केस असतात, चार दिवस रस्त्यावर फिरलं की झडून जातात. त्यानं त्यांवर बोट फिरवलं. "ह्या टायराचे केस अजून शाबूत कशे?"

"तेल लावतंय," तारा म्हणाली.

प्रशांत हसला असता तर बरं झालं असतं. तो हात झटकून उठला. "काल संदीपान फोन केल्लो. म्हणालो, काकीन गाडी एकदाव भायर काढूक नाय. मी तेका सांगलंय, माझी आवय खोटा बोलणा नाय."

तारानं हेल्मेटचा पट्टा उगाच सोडला आणि पुन्हा लावला. "बोलता," ती म्हणाली. "आवय खोटा बोलता. संदीप खरा बोललो."

"मगे तेकाच देवया ना, आये? हय नुसती चादरीखाली..." त्यानं हात पुढे केला. "चावी दी. मी चालवतंय घराकडे."

चावी गाडीला होती. तारानं दिली नाही. ती गाडीवर बसली आणि म्हणाली, "पाठी बस."

प्रशांत बसला. बॅग मध्ये मावेना, म्हणून बाजूला कलती धरली. तिठ्यावरून पार्सेकडे वळायचं होतं. तारानं वळण घेतलं नाही.

"आये, पार्से हय रवला!"

"पार्से खय आसा ता माका सांगतंस?"

गाडी हमरस्त्याला लागली. दर खड्ड्याला बॅगेची कडी राखी पत्र्यावर घासत होती, आणि तो आवाज ताराला नीट ऐकू येत होता.

"आये, हळू. रंग खरवडता."

"खरवडू दी," तारा म्हणाली. "संदीपाक फोन लाव. सांग, गाडी घरा नाय. काकी म्हापशाच्या बाजाराक घेवन गेल्या."