आत्याची चप्पल

माले गावी माझी आत्या सलग चार दिवस खाचरात उकिडवी बसून भात कापत होती. पाचव्या दिवशी उजवं पाऊल उचलेना. चालताना चप्पल गळून पडायची. गावानं ठरवलं, लकवा. तिनंही तेच मानलं.

पौडच्या डॉक्टरबाईंनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. "बसून बसून इथली नस दबलीय. पाऊल उचलायचा निरोप स्नायूला पोचत नाही. हळूहळू भरून येईल."

आज, दीड महिन्यानं, आत्या अंगणात म्हणाली, "अंगठा हालतोय का रं, का मलाच वाटतंय?"

हालत होता. दुपारी ती बांधापर्यंत चालली. चप्पल पायातच राहिली.

डॉक्टरबाईंना भेट काय द्यावी, यावर आमचं बोलणं झालं. मी पुस्तक म्हणालो.

आत्या म्हणाली, "त्याच खाचरातलं तांदूळ दे. त्यापायीच पाय गेला हुता."